तबकडीच्या शेवटी एक नाव

माझं माहेर नेरडीगोंड्याकडचं, मोठ्या रस्त्यापासून आत. बाप दुसऱ्याच्या वावरात राबायचा, पण गळा असा की जयंतीले बाजूच्या गावचे लोक त्याले गायले घेऊन जायचे. तो गळा मले नाही आला, मले नुसता कान आला. काय सांगू तुले पोरी, गळा चार लोकांत दाखवता येते, कान कोणाले दाखवायचा. लग्न होऊन इचोड्याले आली, आमचे हे कारकून, मोठे दीर आदिलाबादले यांच्याहून मोठ्या खुर्चीवर, आणि जाऊबाई नागपूरच्या, गाणं शिकलेल्या, लग्नात चावीचा ग्रामोफोन घेऊन आलेल्या. भांडे तर समद्याच आणतात. सासू मरेपर्यंत आल्यागेल्याले तेच सांगायची, आमच्या मोठीनं बाजा आणला, आणि मी आणलेल्या पितळी घागरीतलं पाणी पिऊन सांगायची.

इचोड्याले ढाब्याच्या बाजूले एका मामूचं जुन्या सामानाचं दुकान होतं. हैदराबादेकडे जुने वाडे-हवेल्या पाडून राह्यले होते, त्यातलं सामान ट्रकवाले त्याच्याकडे टाकून जायचे, खुर्च्या, आरसे, दिवे. मी माठावरचं झाकण पाहायले गेली. मामूनं एक काळी गोल चकती दिली, म्हणे बाजी, ये बराबर बैठेगा. घरी येऊन माठावर ठेवली तर मधात भोक. तशीच परत गेली, म्हणलं मामू, भोकाचं झाकण काऊन दिलं. तो हसून राह्यला, म्हणे ये ढक्कन थोडी है बाजी, गाना है, मैं समझा छेद पे आप कटोरी रख लेंगे. गाना म्हणल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. जाऊबाई आपल्या तबकड्या आमाले हातात घेऊ देत नव्हत्या, दुरून पाह्यलेल्या. मग मी पदर खोचला आणि खुर्च्यांच्या खाली शिरली.

तेव्हापासून ट्रक आला की मी तिथं. तबकडी उजेडात तिरपी धरायची, चिरली असन तर लगेच दिसते. मधातल्या गोल कागदावर कुठं उर्दू, कुठं इंग्रजी, आणि एकीवरचा कागद पाण्यानं पूर्ण गेलेला, नाव ना गाव. पण वाजवायचं कशावर. रविवारी लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून, बसमध्ये गुडीहत्नूरच्या रस्त्याचे धक्के खात आदिलाबाद, जाऊबाईकडे. जाऊबाई दारातच म्हणायच्या, आलं का भंगार, धूळ बाहेरच झटक. आणि मग सुई ठेवली की त्यांचं तोंडच बदलायचं.

बिनकागदाची लावली त्या दिवशी मी खाली बसली होती, ते बसूनच राह्यली. एक बाई गात होती, बारीक आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. जाऊबाईनं राग सांगितला. मले रागाचं काय कळते, मले खळं उठल्यावरची मोकळी जागा दिसली आणि बाप दिसला. गाणं संपलं की त्यांनी झटकन सुई उचलली, म्हणे पुढे नुसती खरखर आहे, सुई झिजते. आणि म्हणे, तबकड्या इथंच राहू दे, बसमध्ये फुटतील. मले पटलं. मग साहेबांच्या बायका यायच्या, जाऊबाई तबकडी लावायच्या, म्हणायच्या आमच्याकडचा संग्रह आहे, आणि मी ट्रे घेऊन उभी, चहात साखर कमी हाये का विचारत. कोणी म्हणलं नाही का ह्या कोणी शोधल्या.

पुढं मामूकडे एक ग्रामोफोन आला, चावी नसलेला. सायकलवाल्यानं पायडलच्या दांड्याची चावी करून दिली. मी आदिलाबादले गेली, म्हणलं बाई, माझ्या तबकड्या न्यायले आली. समद्या दिल्या, बिनकागदाची नाही दिली. म्हणे सापडत नाही गं. मी म्हणलं, सापडू द्या, मी बसते. जेवण झालं, भांडे झाले, मी बसूनच. शेवटी कपाटातून, रेशमी लुगड्याच्या घडीतून काढून दिली, माझ्याकडे न पाहता.

घरी लावली. गाणं संपलं, माझ्याच्यानं सुई उचलणं झालं नाही. खरखर, खरखर, आणि मग ती बाई बोलली. गाणं नाही, साधं बोलणं. आपलं नाव सांगितलं तिनं, शाळेत हजेरीले पोरगी उठून सांगते तसं. माझी अशी आग झाली. तबकडी मी शोधली, मांडीवर मी सांभाळली, आणि नाव मी नसताना एकटी जाऊबाई ऐकून बसली, इतके दिवस.

मग दीर रिटायर झाले, जाऊबाई आमच्याकडे चार दिवस राहायले आल्या तर मी मुद्दाम तीच लावली. गाणं संपत आलं, त्यांचा हात आपोआप उठला. मी मनगट धरलं. खरखर झाली, नाव आलं. त्यांनी मनगट सोडवून घेतलं. मग म्हणे, ऐकलंस तर. मी म्हणलं, काऊन लपवलं बाई. म्हणे, तुलाच का सापडतात गं. मी आदिलाबादचा जुना बाजार पालथा घातला, नागपूरला फिरले, मला फुटकी मिळाली नाहीतर नाटकाची. तू माठाचं झाकण आणायला जातेस आणि ही बाई तुझ्या हाती लागते. एवढं नाव तरी माझ्याजवळ असावं म्हटलं.

खोटं काऊन बोलू, मले आतून लई गोड लागलं. ग्रामोफोनवाली जाऊबाई, आणि जळत होती माझ्यावर.

आता त्या सणासुदीले येतात. मी चावी देते, त्या सुई ठेवतात. कोणी विचारलं ही कोण गाते, तर आमी दोघी म्हणतो, कागद गेला ना, कसं कळन, आणि नाव यायच्या आधी सुई उचलतो, कधी मी, कधी त्या. तूही आता तेच विचारून राह्यली. नाही सांगत. ते आमा दोघींचं हाये. चहा घे, थंडा झाला. सुखी राहा.