राणीसाहेब आणि बाळाअण्णा

नट व्हायला काय लागतं म्हणता? आवाज, पाठांतर, सगळं खरं. पण आमच्या ज्ञानूचं ऐका.

पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या जत्रेत आम्ही नाटक बसवलं. नाटकात काम करायला बायका मिळत नसत, म्हणून ज्ञानू राणी झाला. त्याचे वडील बाळाअण्णा गावभर सांगत फिरत होते, "तोंडाला रंग लावलेला दिसू दे, तंगडं धरून कारखान्यात चिकटवतो!"

ऐन दुसऱ्या अंकात अण्णा काठी घेऊन रंगमंचावर चढले. "ज्ञान्या कुठं हाय?"

आमचा प्रधान तलवार टाकून विंगेत पळाला. ज्ञानू जागचा हलला नाही. पदर सावरत बारीक आवाजात म्हणाला, "वडीलधाऱ्यांनी दरबारात काठी उगारावी, हे शोभतं का? बसा."

"चुकलं, बाईसाहेब," म्हणत अण्णा सिंहासनापाशी मांडी घालून बसले, ते अंक संपेपर्यंत. लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णा पारावर सांगत होते, "ज्ञान्या काय घावला न्हाई. पण ती बाई काय वळणाची, राव! ज्ञान्याला अशीच बायकू बघा."