शून्य म्हणजे दहा

नाही, चूक माझीच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण मला एक सांगा, शून्य म्हणजे किती? शून्यच ना? तुम्ही शाळेत गेलात, मी गेलो, आपल्याला कुणी सांगितलं होतं का, की बाबा रे, शून्य म्हणजे दहा? नाही ना? मग झालं तर!

तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं सव्वानऊमुळे. सकाळचे सव्वानऊ! माझी थोरली बहीण, शकूताई, वय वर्षं एकोणऐंशी, कसबा पेठेत एकटी राहते, आणि रोज सव्वानऊला आमच्या लँडलाईनवर तिचा फोन. मोबाईलवर नाही हं, तो नंबर तिला पाठ होत नाही. इकडे मी पोह्यांची बशी पुढे ओढलेली, लिंबू पिळायला घेतलेलं, आणि ट्रिंग! "सोनू, जेवलास का?" अगं, सव्वानऊला कोण जेवतं? आणि सोनू कोण, तर मी! सहासष्ट वर्षांचा सोनू! मग तिचा गुडघा, मग शेजारच्या गोदाबाईंचा गुडघा, मग पहाटे पडलेलं स्वप्न, त्यात मी लहान आणि माझी चड्डी नदीतून वाहत चाललेली... मग कोण गेलं, कोण जायच्या बेतात आहे... आणि शेवटी, "बरं, ठेवते हं." ठेवते म्हणजे ठेवत नाही! "ठेवते हं"च्या पुढे वीस मिनिटं! पोह्यांचा पार दगड!

आता तुम्ही म्हणाल, अहो, बहीण आहे, ऐकावं. ऐकावंच! आई गेल्यावर माझा शाळेचा डबा, तापातल्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, सगळं हिनंच केलं. म्हणून तर म्हणतो, चूक माझीच आहे. पण पोहे कोणी गार खायचे?

तेवढ्यात आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी छंदवर्ग निघाला. सहा रविवार, मायक्रोकंट्रोलर शिका! काडेपेटीएवढी निळी पट्टी असते, तिला वायरी जोडायच्या, लॅपटॉपवर चार ओळी लिहून तिच्यात भरायच्या, की दिवा लुकलुकतो. शिकवायला अपेक्षा नावाची इंजिनिअर मुलगी. "काका, तुम्हाला काय बनवायचंय?" बाकीचे म्हणाले, कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र. मी म्हटलं, फोन वाजला की उचलायच्या आधी कळलं पाहिजे, कुणाचा आहे. "ओह, कॉलर आयडी! सो नाइस, काका!" तिला बिचारीला काय माहीत, काका कशासाठी नाइस!

घरी सांगितलं तर आमची ही म्हणाली, "तसला फोन बाजारात तयार मिळतो." म्हटलं, तयार आणण्यात काय मजा? "हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

तर गंमत अशी, की घंटी वाजायच्या आधी तारेतून फोन करणाऱ्याचा नंबर येतो, टूं टीं टूं, आपण बटणं दाबताना वाजतात ना, तेच सूर. एक चिप ते सूर ओळखते, आकडा सांगते, निळी पट्टी तो छोट्या पडद्यावर दाखवते. ओळखीचा नंबर असला तर नावच येतं. मी घातली की सगळी नावं! बाबुराव म्हणून माझा मित्र आहे, त्याच्या नंबराला बाबुराव. आणि शकूताईच्या नंबराला... जाऊ द्या. नका विचारू. बरं, सांगतो. 'पोहे' लिहिलं. म्हणजे आधी पोहे, मग ताई. माणूस किती खाली जातो बघा!

पहिल्याच संध्याकाळी बाबुरावाचा फोन आला आणि पडद्यावर बाबुराव! मी फोन उचलायचंच विसरलो, नुसता बघत उभा. दुसऱ्या दिवशी सव्वानऊ. ट्रिंग! पडद्यावर पोहे? छे! दहा आकडी अनोळखी नंबर. म्हटलं, असेल कुणी कर्जवाला. वाजून वाजून थांबला. तिसऱ्या दिवशी तोच नंबर. चौथ्या दिवशी तोच! आणि ताईचा फोन नाही! मी खूश. खोटं कशाला बोलू, खूश! आठ दिवस गरम पोहे खाल्ले हो मी, वरून खोबरं, बाजूला चहा!

पण हा रोज सव्वानऊला कडमडणारा कोण? हल्ली फोन येतात ना, 'आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, घरातून हलायचं नाही'... मी म्हटलं, हा तोच भामटा! लगेच ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकलं, 'सावधान! या नंबरवरून फोन आल्यास उचलू नये, कृपया पुढे पाठवा.' बावन्न जणांनी पुढे पाठवलं! आणि नवव्या दिवशी माझं डोकंच फिरलं. उचलला फोन आणि पलीकडून श्वास ऐकू यायच्या आत ओरडलो, "लाज नाही वाटत, रोज सकाळी लोकांना छळायला? पुन्हा या घरात फोन केलास तर याद राख!" आणि आपटला! आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "वा! आज बाहेरच्यावर."

दहाव्या दिवशी सव्वानऊला... काही नाही. अकराव्या दिवशी काही नाही. पोहे गरम, घर शांत, आणि घास उतरेना! ही म्हणाली, "ताईंचा बरेच दिवसांत फोन नाही. बरं आहे ना त्यांना? करा की तुम्ही." करणारच होतो. रोज करणार होतो. पण एवढे दिवस का केला नाहीस असं तिनं विचारलं तर काय सांगू, म्हणून उद्यावर ढकलत होतो. चूक माझीच!

शेवटी वाटलं, यंत्रच बिघडलंय का बघू. स्वतःच्या मोबाईलवरून घरच्या फोनवर लावला. पडद्यावर अकरा आकडे! माझ्या नंबरात अकरा आकडे कुठून आले? नीट पाहिलं तर जिथे शून्य हवं, तिथे दहा! लावला अपेक्षाला फोन. "काका, ती चिप शून्याला दहाच म्हणते. जुन्या गोल डायलच्या फोनवर शून्य फिरवलं की दहा टिकटिक व्हायच्या ना, तसंच. प्रोग्रॅममध्ये आपण दहाचं शून्य करून घ्यायचं. चौथ्या रविवारी सांगितलं होतं की!" चौथ्या रविवारी मी नव्हतो. का नव्हतो? शकूताईचा फोन चालू होता! "ठेवते हं"वर होती ती!

कागद घेतला हो. त्या भामट्याचा नंबर लिहिला. त्यात दोन ठिकाणी दहा. दोन्हीकडे खोडलं, शून्य घातलं. दहा आकड्यांचे झाले आठ. आणि ते आठ आकडे... अहो, ते मला माझ्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ आहेत! बरं, दोनने सुरू होणारा मोबाईल असतो का कधी? हे तेव्हा सुचायला काय झालं होतं? बाबुरावाच्या नंबरात शून्य नाही, म्हणून तो वाचला. माझी बहीण भामटी ठरली!

तसाच निघालो. रिक्षा चौकात सोडली, गल्लीतून चालत गेलो, आणि जिना चढताना मनात एकच, ही आता दार लावून घेणार. घेतलं असतं तर फार बरं झालं असतं! दार उघडलं, मला बघितलं, आणि म्हणाली, "ये. जेवलास का?"

मी म्हटलं, ताई, अगं तो फोन... तर मलाच म्हणते कशी, "नाही रे, बरोबर होतं तुझं. लाज वाटली मला. तुझी वेळ नको का बघायला? एकटीला सवय लागते बघ, कुणाशी तरी बोलायची. म्हणून मग नाही केला." मी मेलो हो तिथे! तिनं चार शिव्या घालायच्या होत्या, ओरडायचं होतं, माझा कान धरायचा होता!

मग सगळं सांगितलं, यंत्र, चिप, भामटा, शून्याचं दहा. ती लगेच म्हणाली, "हो, दहाच टिकटिक व्हायच्या." अपेक्षाचा एक रविवार वाचला असता! मग विचारते, "पण ते यंत्र केलंस कशाला?"

तिथे मला खरं बोलायची संधी होती. तुम्हाला सांगतो, चांगली संधी होती. मी म्हटलं, "तुझा फोन आला की मला आधी कळावं म्हणून." शब्द न् शब्द खरा! आणि एवढं खोटं मी जन्मात बोललो नाही. तिचे डोळे भरले. खिडकीतून हाक मारली, "गोदाबाई, ऐकलंत का! माझा फोन कळावा म्हणून सोनूनं यंत्र केलंय, घरी, स्वतःच्या हातानं!" गोदाबाई पदर खोचून आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." मी चहाच्या कपात बघत बसलो.

"मला पण एक करून दे," ताई म्हणाली. दिलं. शून्याचं शून्य करून, चार वेळा तपासून दिलं. तिच्या फोनशेजारी बसवलं आणि विचारलं, "कुणाकुणाचे नंबर घालू?" म्हणाली, "तुझा घाल." "घातला. आणखी?"

"आणखी कोण करतं?"

आता सांगा, करत तर मीही नव्हतो ना हो! तेव्हापासून सव्वानऊला मीच फोन करतो. पोहे बाजूला ठेवतो, नंबर फिरवतो, आणि... उचलत नाही! आठ घंट्या, दहा घंट्या, माझा जीव वरखाली, पडली की काय, गेली की काय, मग कधीतरी अकराव्या घंटीला, "हं, बोल." म्हटलं, "ताई, फोनपाशीच होतीस ना? मग उचलत का नाहीस?" तर म्हणते, "अरे, उचलला की पडद्यावरचं तुझं नाव जातं ना! वाजू दे की जरा."

वाजू देतो.