आखाजीत बांधलेली भिंत

जबाब देणार: सौ. चारुलता ऋषिकेश महाजन, वय ३९, धंदा सरकारी नोकरी, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर. माहेर खकनार. माहेरचे गाव जबाबात लिहीत नाहीत असे जबाब लिहून घेणारे हेड साहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल मधुकर यांनी सांगितले. मी ते लिहायला लावले, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

पोलीस थान्यातून निरोप आला म्हणून मी हजर झाले असून, थाना प्रभारी साहेबांच्या समोर, माझ्या स्वतःच्या मराठीत सांगते ते असे:

मी जिल्ह्याच्या सरकारी बांधकाम कार्यालयात आहे. सरकारी काम घेणारा ठेकेदार सगळे काम स्वतः करत नाही. काही भाग दुसऱ्याला देतो, त्याला पोट-ठेका म्हणतात. कोणता भाग कोणाला दिला आणि तो कोणी, केव्हा केला याचा अहवाल त्याने दर महिन्याला आमच्याकडे द्यायचा असतो. तो खरा आहे का हे बघून खाली अभिप्राय लिहिणे हे माझे काम. अहवाल आला, शिक्का मारला, फाइल कपाटात गेली, अशी बहुतेक ठिकाणी पद्धत आहे. मी वाचते. मॅडमला वाचायची खोड आहे असे कार्यालयात म्हणतात, तेही लिहून घ्यावे.

तुकईथडजवळ केळी भरण्याची सरकारी शेड आहे. तिची मागची भिंत गेल्या आठवड्यात दुपारच्या वाऱ्यात पडली. तिच्याखाली हमाल भाईदास सापडले. त्यांचा पाय मांडीत मोडला असून ते दवाखान्यात आहेत. शेडचे ठेकेदार विपुल सोनगरे यांनी पोलिसांना सांगितले की ती भिंत आपण बांधलीच नाही, ती पोट-ठेक्यावर तुकईथडच्या महिला बचत गटाने बांधली. गटाच्या अध्यक्षा सरुबाई आहेत. त्यामुळे सरुबाई आणि गटातल्या सहा बाया सकाळपासून या थान्याच्या ओट्यावर बसवून ठेवल्या आहेत. मी आत पंख्याखाली खुर्चीवर बसून बोलते आहे आणि त्या बाहेर फरशीवर आहेत, याची नोंद व्हावी.

ती भिंत सरुबाईंच्या गटाने बांधलेली नाही. हे मला आज सुचलेले नाही. गेल्या वर्षी, भिंत धडधाकट उभी असताना, मी ते अभिप्रायात लिहून खाली सही केली आहे. तो अभिप्राय फाइलमध्ये आहे आणि सगळ्यांना तोच नडतो आहे.

कसे कळले ते सांगते. ठेक्याची अटच आहे की कामाचा काही भाग गावातल्या बायांच्या गटाला द्यायचा. अट चांगली आहे. विपुल सोनगरे यांच्या अहवालात लिहिले होते की मागची भिंत गटातल्या बायांनी आखाजीच्या आठवड्यात बांधून पुरी केली. सोबत हजेरी होती. मालूबाई, शोभा, रुपाली, अलका, गावातल्या साऱ्या सुना रोज कामावर हजर. खुद्द आखाजीच्या दिवशीही हजर. मी ते वाचले आणि मला हसू आले. मग राग आला.

थाना प्रभारी साहेब मध्य प्रदेशच्या पार दुसऱ्या टोकाच्या रीवाकडचे आहेत, त्यांना आमची आखाजी माहीत नाही असे ते म्हणाले, म्हणून खुलासा करते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या भागात त्या दिवसांत सून सासरी राहत नाही. भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो आणि ती माहेरी जाते. झाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. नवरा रुसो, सासू आजारी पडो, आखाजीला सून जाते म्हणजे जाते. मी एवढी सरकारी नोकर, मीही रजा टाकून खकनारला जाते. त्या वर्षीही गेले होते आणि झोक्यावर बसले होते. अहवालातल्या रुपालीचे माहेर आमच्याच गल्लीत आहे. ज्या दिवशी ती तुकईथडला विटा देत होती असे अहवाल म्हणतो, त्या दिवशी ती माझ्या झोक्याला मागून धक्का देत होती. जोरात देत होती. माझा पदर अडकून फाटला, तो मी अजून रफू केलेला नाही.

साहेबांनी मध्येच विचारले, "मॅडम, त्योहार के भरोसे केस थोडी चलता है?" मी म्हटले, "साहेब, तुमच्या हेड साहेबांचं घर दापोऱ्याचं आहे. त्यांना विचारा, आखाजीला त्यांच्या घरी चूल कोण पेटवतं." हेड साहेबांचा लिहिता हात थांबला. ते म्हणाले, "सर, मैं खुद खिचडी बनाता हूँ." साहेब हसले. मी हसले नाही. हेड साहेबांचे हे उत्तर जबाबात घ्यायचे नाही असे ठरत होते. मी म्हटले, घ्या. घेतले.

तरीही नुसत्या सणावर मी विसंबले नाही. मी रीतसर तुकईथडला तपासणीला गेले. सरुबाई भेटल्या. त्यांना मी अहवाल वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "वं बाई, आखाजीले सुना माहेरी आन् लेकी घरी. मी चार लेकींचं पुरन सोडून भिताडं बांधाले गेली व्हती का? आमी भित पाह्यली ती रस्त्यावरून. बाहेरची मानसं तंबू ठोकून राह्यली व्हती, त्यायनं बांधली." मग अहवालात गटाचे नाव आणि फोटो कसा, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की ठेकेदाराचा माणूस आला होता. तुमच्या गटाला काम मिळणार आहे म्हणाला. आधारच्या झेरॉक्स घेतल्या, सगळ्यांना पिवळ्या टोप्या घातल्या, फोटो काढला आणि गेला. काम कधी मिळाले नाही. बाया त्यासाठी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. अहवालातल्या फोटोत हे कोणीही बघू शकते. जरीच्या काठाची लुगडी नेसून कोण गिलावा करते, हे मी कार्यालयात विचारले होते.

मी निघताना सरुबाई म्हणाल्या, "तो फोटो आमाले भेटीन का? लई चांगला आला असीन." मी आणून देते म्हटले होते. दिलेला नाही.

परत येऊन मी अभिप्राय लिहिला: गटाने हे काम केलेले नाही, अहवाल नामंजूर करावा, भिंत कोणी बांधली ते ठेकेदाराला विचारावे. आमचे कार्यपालन यंत्री, म्हणजे कार्यालयाचे मुख्य इंजिनियर, श्री. प्रभाकर पातोंडकर यांनी तो वाचला आणि "देखते हैं" म्हणाले. पुढे काहीही झाले नाही. शेड सुरू झाली, केळीच्या गाड्या लागू लागल्या. त्या भिंतीच्या सावलीला हमाल बसत. तेव्हा कोणी माझ्या अभिप्रायाप्रमाणे ठेकेदाराला एक प्रश्न विचारला असता, तर भाईदास आज पायाला वजन लावून पडले नसते. हे माझे मत आहे असे लिहू नये. हे असेच आहे.

भिंत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पातोंडकर साहेबांनी मला खोलीत बोलावले. विपुल सोनगरे तिथे बसलेले होते. टेबलावर नवा अभिप्राय टाइप करून तयार होता: पाहणी केली, काम गटानेच केल्याचे आढळले. वर मागच्या वर्षीची तारीख. साहेब म्हणाले, "चारुलता मॅडम, एक सही का सवाल है. जुना कागद काढून टाकू, हा लावू. इतकं काय दिल पे घेता?" मी विचारले, मग बायांचे काय? ते म्हणाले, "बायांना काय होतंय? दोन दिवसात जमानत होऊन जाईल. त्यांच्याकडून कोणी काय वसूल करणार आहे?" मी म्हटले, "मग वहिनींचं नाव टाका ना साहेब त्या कागदात. त्यांचीही जमानत होऊन जाईल." त्यावर ते उठून उभे राहिले. सोनगरे म्हणाले, "दीदी, आप समझ नहीं रही हैं." मला दीदी म्हणू नका, मी तुम्हाला कधी ओवाळलेले नाही, असे मी म्हटले. मी सही केली नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या बदलीची बोलणी सुरू झाल्याचे कळले. आणि काल सोनगरे यांनी इथे अर्ज दिला की मी त्यांच्यावर खार खाऊन गावात गेले आणि बायांना खोटे बोलायला शिकवले. त्याचे उत्तर देते. मी सरुबाईंना काय शिकवणार? त्यांनी मला खाली बसवून आमरस वाढला आणि वाटी पुसून खाल्ल्याशिवाय उठू दिले नाही. खार मात्र मी खाल्ला आहे, ते नाकारत नाही. ज्या बायांना काम द्यायचे म्हणून अट केली, त्यांना काम दिले नाही. त्यांचे नाव तेवढे वापरले. आता भिंत पडली तर तेच नाव पुढे करून त्यांना थान्यात बसवले. याचा मला राग आहे, आणि नोकरी राहो की जावो, तो राहणार आहे.

साहेबांनी शेवटी विचारले की माझी काही चूक झाली असण्याची शक्यता आहे का, अभिप्राय बदलायचा असेल तर अजून वेळ आहे. मी सांगते की बदलायचा नाही. माझी बदली झाली तर जिथे पाठवतील तिथून येऊन कोर्टात हेच सांगेन. माहेर खकनारचे आहे, आखाजीला या बाजूला येतेच.

हेड साहेबांनी वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते, ओट्यावर ऐकू जात होते. सरुबाईंनी बाहेरून "बराबर हाय" म्हटले, ते मी ऐकले. एका ठिकाणी "गटाने भिंत बांधली नसावी" असे लिहिले होते, ते खोडून "बांधलेली नाही" असे करून घेतले. आता मजकूर मी सांगितला तसा आहे.

साक्षीदाराच्या अशा जबाबावर सही घेत नाहीत, कायद्यात तसे आहे, असे मला साहेबांनी सांगितले. मान्य आहे. तरी मी करते. आठ दिवसांपासून जिथे सही मागत आहेत तिथे ती मिळणार नाही, आणि इथे कोणी मागितलेली नाही.

सही: चारुलता महाजन