भिंतीवर मी कोरी राहिले

— नाही नाही, देवरामभाऊ, तो डाग नाही. ती मी आहे. हो, मीच! नीट बघा ना — हे डोकं, ही ओढणी, आणि बाजूला चौकोनी आलाय तो चहाचा ट्रे. टेप कशाला लावताय? माझी रुंदी मला माहीत आहे. आणि हसताय काय, पेंटर ना तुम्ही? रविवारी आमच्या कौसरला बघायला देवळाली कॅम्पहून माणसं येतायत, आणि सोफ्यावर बसलं की समोर हीच भिंत. सगळी मोरपंखी आणि मधोमध पांढरी मी! मुलीची आई एकदा दारात, एकदा भिंतीवर — काय समजतील ते?

झालं काय — कौसरचे अब्बा, ते काय, गॅलरीत बसलेत, बसू द्या — सातपूरच्या कंपनीत जन्मभर प्रेस मशीनवर होते. रिटायर झाले आणि गप्पच झाले. भांडले असते तर चाललं असतं, भांडणाची मला सवय आहे. पण नुसतं ‘हं’. भाजी कशी झालीय? हं. खारट झालीय का? हं. एकदा मुद्दाम बिनमिठाची केली, तरी हं! दुपारी आडवे व्हायचे, पण डोळा लागायचा नाही. म्हणायचे, घरात फार शांत आहे रेहाना. शांत! माझा मिक्सर, कौसरचा मोबाईल, खाली भंगारवाला ओरडतोय — आणि यांना शांत! मशीनचा आवाज नाही ना, म्हणून. मग एक दिवस खोकं आलं. रंग मारायचं इलेक्ट्रिक मशीन. पिस्तुलासारखं, खाली रंगाचा डबा. बटण दाबलं, घर्रर्र झालं — आणि भाऊ, माणसाचा चेहरा असा उजळला! निकाहच्या दिवशी नव्हता एवढा उजळला. हे कुठे बोलू नका.

आधी गॅलरीची जाळी केली. छान झाली, खोटं कशाला बोलू. मग चपलांचं स्टँड, मग स्टूल. एकदा वारा सुटला आणि शेजारच्या लंकाबाईंच्या कुरडया मोरपंखी झाल्या. ताट घेऊनच दारात उभ्या! मी त्यांना नवा चीक करून, नव्या कुरडया घालून दिल्या, तेव्हा कुठे बोलायला लागल्या. मग निघाली ही भिंत. आता रंग गाळायचा, पाणी घालून पातळ करायचा, नाहीतर मशीनचं तोंड अडकतं — हे तुम्हाला माहीत, व्हिडिओतल्या माणसालाही माहीत. पण यांनी व्हिडिओ बघितला आवाज बंद करून. का, तर कौसर झोपली होती! झालं, अडकलं तोंड. हे हलवतायत, आपटतायत, बटण दाबतायत, मी ट्रे घेऊन आले, भिंतीला पाठ करून उभी राहिले, म्हटलं “चहा” — आणि हे वळले, आणि तेव्हाच ते सुटलं! या टोकापासून त्या टोकापर्यंत फवारा. माझ्या चष्म्यावर, नाकावर, दातांवर — तोंड उघडं होतं ना, ते बंद कधी असतं? हे ओरडले, “रेहाना, हलू नकोस!” मला वाटलं, विंचूबिंचू आहे की काय. मग हळूच बाजूला घेतलं मला, आणि भिंत दिसली. आणि हे हसले. हसतच खाली बसले फरशीवर. मी रागवायला तोंड उघडलं, तर मलाच हसू फुटलं. चहा तसाच प्यायलो — मोरपंखी. मग यांनी खोबरेल तेल आणलं, कापूस घेतला, आणि माझ्या भुवयांवरचा रंग पुसत बसले. त्या जाड बोटांनी, इतकं हळू... नुसत्या पाण्यानेही निघतो तो रंग, मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

जाऊ द्या. तुम्ही भिंत बघा.

काल यांच्यासमोरच मी तुम्हाला फोन लावला. यांनी उठून मशीन धुतलं, पुसलं, खोक्यात भरलं. तेव्हापासून पुन्हा तेच. सकाळी विचारलं, रविवारी कुठला शर्ट घालाल? हं. आता मी काय वाईट केलं, सांगा ना! पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. आणि पोरगी काय म्हणते? “अम्मी, राहू दे की. ही भिंत बघून ज्यांना हसू येणार नाही, त्या घरात जाऊन मी काय करू?” हल्लीच्या मुली! आईला तोंड वर करून...

तशी काही खोटं नाही बोलली.

थांबा जरा, टेप ठेवा खाली. अहो! अहो, ऐकलंत का? ते खोकं काढा बाहेर. स्वयंपाकघराची कपाटं राहिलीत ना! ... काय? ... भाऊ, ऐकलंत? “कुठला रंग?” म्हणतायत! दोन शब्द बोलले! ... तुम्हाला आवडेल तो, पण पातळ करा या वेळी! ... बघा बघा, उठले. नाही हो, भिंत आता राहू दे. जशी आहे तशी. येऊ देत कॅम्पवाले, मी त्या आकारासमोरच उभी राहते, म्हणजे झाकला तरी जाईल. तुमचा फुकट हेलपाटा झाला, खरं आहे. चहा? नको, आता चहा नको, वायर लावली त्यांनी. निघा देवरामभाऊ, पटकन निघा — तुमचा शर्ट पांढरा आहे!