चोरून खाणारी

ताई : ये. आज काय तपासायचं? डबा, पिशवी की दात?

धाकटी : तुझं रक्त. आमच्या लॅबचा रिपोर्ट आणलाय. हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार. चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही उतरतंच आहे, कमालच म्हणायची.

ताई : गोळ्या खाऊन खाऊन चुंबकाला चिकटायचीच बाकी आहे मी. जिना चढताना तीनदा बसते. कागद कापायच्या यंत्राचं चाक फिरवलं की डोळ्यांपुढे काजवे. मुद्दाम करते का?

धाकटी : सिलिअॅक आहे तुला. गव्हानं आतडं सोलवटलंय, तिथं गोळी शोषली जाणार कशी? अँटिबॉडी अजून तेवढ्याच आहेत. म्हणजे गहू पोटात जातोय. रक्त खोटं बोलत नाही, ताई.

ताई : वा! रक्त काढता काढता वकिलीही शिकलीस. वर्षभर पावाला शिवले नाहीये मी.

धाकटी : डॉक्टरांनाही हेच ऐकवलंस. मग मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

ताई : काय?

धाकटी : चोरून खाते म्हणून. फाइलवर लिहिलंय त्यांनी, 'पथ्य पाळत नाही'. शिरेतून लोह द्यायचं होतं, ते पुढे ढकललं.

ताई : शहाणी गं माझी बाय! बस तिकडे. उद्या दोनशे पुस्तकं बांधून द्यायचीत, तुझी अक्कल ऐकायला सवड नाही. सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस...

धाकटी : थांब. अंगठा चाटलास आत्ता.

ताई : मग? कोरड्या बोटानं पानं सुटतात का? तीस वर्षं असेच सोळा-सोळा पानांचे फर्मे मोजतेय.

धाकटी : त्याला पांढरं काय लागलंय?

ताई : खळ. बाइंडरच्या हाताला दुसरं काय लागणार, अत्तर?

धाकटी : कशाची खळ?

ताई : मैद्याची. रोज सकाळी मीच तर शिजव... (अंगठ्याकडे बघत) मैद्याची.

धाकटी : दिवसातून किती वेळा चाटतेस?

ताई : पाचशे. हजार. मला काय माहीत?

धाकटी : ताई, मला वाटलं...

ताई : तुला वाटलं! माझा डबा हुंगलास. माझ्या पोरीला माझ्यावर पाळत ठेवायला लावलीस. मी घरात शिरले की ती अजून माझ्या ओठांकडे बघते, कण दिसतोय का म्हणून.

धाकटी : डॉक्टरांना आजच फोन करते.

ताई : त्यांना करशीलच. आधी घरी चल. पोरीसमोर सांग.

धाकटी : आत्ता?

ताई : आत्ता. थांब, हात धुऊन येते.