एका खाचराच्या चौदा पिशव्या

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या कृषी कार्यालयाचे प्रमुख माननीय उमेश वातास साहेब, व्यासपीठावर बसलेल्या सरपंच दिपिकाताई, माझ्याबरोबर डोंगर चढलेले सहकारी, कामाचा दिवस बुडवून पाड्यांवरून आलेले शेतकरी बंधू-भगिनी, आणि याच महिन्यात रुजू होऊन मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

शाल, नारळ आणि इतकी चांगली विशेषणं एकाच दुपारी अंगावर पडली की माणूस दमतो. मी तर दमूनच आलो आहे. जव्हार-मोखाड्याचे चढ चढण्यात तेहेतीस वर्षं गेली आणि गुडघेही गेले. तेव्हा आपली परवानगी गृहीत धरून टेबलाला हात टेकून बोलतो.

निरोपाचं बोलताना नव्या मुलांना मातीची बाराखडीही सांगा, अशी अध्यक्ष महोदयांची सूचना आहे. सांगतो.

माती म्हणजे काय? ओंजळभर माती घेतलीत तर त्यात जेमतेम अर्धी माती असते. बाकी पोकळी, त्या पोकळीत हवा आणि पाणी. शिवाय थोडा कुजलेला पाला, जो आपण सेंद्रिय कर्ब म्हणून मोजतो. खडक झिजून बोटभर थर व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि आपल्या उतारावरून तो काही पावसाळ्यांत निघून जातो. म्हणून वरच्या वरकस जमिनीत माती वीतभर, लाल, मुरमाड. खाली भाताच्या खाचरात ती हातभर खोल, काळपट, चिकट. पाऊस उतारावरचा चुना धुऊन नेतो, मग ती माती आंबट होते. हा आंबटपणा सामूवरून कळतो. सामू सातच्या जितका खाली, तितकी माती आंबट. एकाच पाड्यात, हाकेच्या अंतरावर, दोन जागची माती सारखी नसते. एवढं समजलं की निम्मं शास्त्र समजलं.

मला हे नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी मी जे केलं, ते आज सांगायचं आहे. समारंभाला ते शोभेल की नाही, याचा विचार करून झाला. नंतर सांगायला मला सभा कुठे मिळणार?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जामसरच्या वरच्या अंगाला चौदा घरांचा एक पाडा आहे. मार्च संपत आला होता, घरटी एक, ज्याच्या-त्याच्या शेतातला, अशा मातीच्या नमुन्यांचं उद्दिष्ट पुरं व्हायचं होतं आणि माझे गुडघे सुजलेले होते. रस्त्याला लागून लाडक्यादादांचं खाचर होतं. तिथेच बसलो आणि एकेक करून चौदा पिशव्या भरल्या. लाडक्यादादा बांधावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "वर नाय येणार का, साहेब?"

मी म्हटलं, "इथून तिथून एकच माती आहे."

आणि चौदा पिशव्यांवर चौदा नावं लिहिली.

शेवटचं नाव गोदीबाईंचं होतं. त्यांच्या घरात कधीच कुणाच्या नावावर जमीन नव्हती. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या लावणीत आणि भिवंडीकडच्या बांधकामांवर गेलेलं. त्या वर्षी वनहक्काचा, उतारावरचा एक तुकडा पहिल्यांदा त्यांच्या नावावर झाला. आम्ही पाठवलेलं मातीचं कार्ड सुनेने, कवितानं, त्यांना वाचून दाखवलं: सामू साडेसहा, चुना टाकण्याची गरज नाही. गोदीबाईंनी ते वनहक्काच्या कागदाबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं. कार्डावर भरवसा ठेवून मोगऱ्याची दोनशे रोपं लावली. उन्हाळाभर खालच्या ओहळातून डोक्यावर पाणी आणून घातलं.

रोपं पिवळी पडत गेली. दुसऱ्या दिवाळीपर्यंत एकशे साठ मेली होती.

त्या सुमारास मी दुसऱ्याच कामासाठी पाड्यावर गेलो होतो. गोदीबाईंनी अंगणात बसवलं, कोरा चहा दिला. परत बांधकामावर जाणार असल्याचं सांगितलं. मी कारण विचारलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "माझ्याच हाताला माती येत नाय, साहेब. आमच्यात कुणाला जमीनच नव्हती. ती कशी करायची, ते हातात नाय."

मी चहा संपवला आणि निघालो. रस्त्यापर्यंत उतरताना तीनदा थांबलो. परत मात्र फिरलो नाही.

पुढच्या आठवड्यात कविता बाजाराला आली होती, ती कार्यालयात डोकावली. तिने शेजारपाजारची तीन कार्डं माझ्या टेबलावर एकाखाली एक मांडली आणि विचारलं, तिन्हींवर आकडे तेच कसे? कधीकधी येतात तसे, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, कार्डं गोळा केली आणि गेली. वाद घातला असता तर मी उत्तर दिलं असतं. तशी सवयच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. गोदीबाई सुपात नागली पाखडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: खाचर, पिशव्या, नावं. त्यांचं सूप थांबलं नाही. सगळी नागली पाखडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग माझा हात बरा हाय?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"मग येवढे दिस तू का नाय बोललास?"

त्या उठल्या, आतून कुदळ आणली आणि माझ्या हातात दिली.

तरुण मित्रांनो, नमुना कसा घ्यायचा ते इथे ऐका, कारण मी तो त्या दिवशी नीट घेतला. बांधाजवळ खणायचं नाही, झाडाखाली नाही, शेणखताच्या ढिगाशी नाही. शेतात नागमोडी चालत सात-आठ जागा धरायच्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, खाली निमुळता खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडायची. सगळी माती फडक्यावर मिसळायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवायची. खड्डे मी खणले, वाटे गोदीबाईंनी केले. तिसऱ्या खड्ड्यात वीतभर जाण्याआधीच कुदळ खडकावर आपटली.

सामू आला पाच पूर्णांक एक. मोगऱ्याला ती माती फार आंबट होती आणि उथळही.

मग चुना टाकला. खड्डे रुंद करून कुजका पाला भरला, उताराला आडवे दगडी बांध घातले. उरलेल्या चाळीसपैकी एकतीस रोपं जगली. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी ऐंशी लावली, बाकीच्या तुकड्यात नागली. भरभराट झाली असं म्हणणार नाही. कविता अजूनही उन्हाळ्यात बाहेर कामाला जाते. पण गोदीबाई बांधकामावर परत गेल्या नाहीत.

इथे थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण चौदा पिशव्या होत्या. लाडक्यादादांचं कार्ड तेवढं खरं होतं, गोदीबाईंचं बदललं. उरलेली बारा घरं? त्यांना मी काहीच सांगितलं नाही. एकदा खरं बोलून झालं, आता पुरे, असं मनाशी धरून बसलो. बुध्यादादांनी वरकसात दोन वर्षं उडीद पेरला, तो आला नाही, त्यांनी जमीन पडीक टाकली. मला कारण माहीत होतं. बुध्यादादा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. दादा, तुमचं काही चुकलं नव्हतं. ते कार्ड तुमच्या मातीचं नव्हतंच.

अध्यक्ष महोदय, हे सगळं मी लिहून आणलं आहे. सभा संपल्यावर आपल्या हाती देईन, पुढे जे करायचं ते आपण करावं. सहकाऱ्यांनी मला सांभाळून घेतलं, पाड्यांनी पाणी पाजलं, भाकरी दिली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते आपण मनावर घेणार नाही, हे मी जाणतो. बोलण्याबाहेरचं जे आहे, त्याची माफी सभागृहात मागून भागत नाही. म्हणून बारा कोऱ्या पिशव्या मागून घेतल्या आहेत. सोमवारी सकाळी पाड्यावर येतो. चढायला वेळ लागेल. कुणी माझ्याशी बोललं नाही तरी चालेल, आपापलं शेत तेवढं दाखवा.

आता बसतो.