वीतभर वाढलेली टाकी

आबासाहेब : मोज तूच. इंदापुरात थांबायचं न्हाय, हा एक फायदा. मेव्हन्याचा, हिंदुरावाचा तो बिनसाखरेचा च्या प्यायचा न्हाय, दोन. आन चार लोकांत 'काय दाजी, आलात का टाकी कोरडी करून?' हे ऐकायचं न्हाय, तीन. बारामतीतनं निघायचं ते सोलापूरच्या गुळाच्या पेठंतच उतरायचं. आता सांग, लॉरीला पेट्रोलची मोठी टाकी केली तर तोटा कुठाय?

झुंबर : तोटा हाय असं मी कुठं म्हनलो, आबा? मी डायवर मानूस. मी म्हनलो, लॉरी म्हातारी हाय. तीन मालक करून तुमच्याकडं आलीय. एवढी टाकी तिच्या पोटात बसायची कुठं?

आबासाहेब : बसवायची! भीमा पत्रेवाला बारामतीत दुकान घालून माशा मारायला बसलाय का?

रंगूबाई : आन माझ्या आईचं गठुडं?

आबासाहेब : ह्यात गठुडं कुठनं आलं मधीच?

रंगूबाई : लॉरी दादाच्या दुकानाला पेट्रोल घ्यायला थांबती, म्हनून तर गठुडं जातंय. राजगिऱ्याच्या लाह्या, कवळी मेथी, जे हुईल ते. म्हातारीचं डोळं गेलं. भोंगा वाजला की भिंत चाचपत दुकानात येती आन झुंबरला इचारती, 'रंगू आलीय का रं?'

झुंबर : दर खेपंला इचारत्यात, वैनी.

रंगूबाई : तीन वर्सं झाली इचारतीय. लॉरी थांबलीच न्हाय तर इचारायची कुनाला?

आबासाहेब : आन तीन वर्सांमागं काय झालं ते इसरलीस? तुझ्या भाच्याच्या लग्नात, भरल्या पंगतीत, तुझा दादा तूप वाढता वाढता काय म्हनला? 'दाजींची लॉरी पळती ती माझ्या डब्यांवर.' तालुका लोकलबोर्डाच्या मेंबराला! मी तिथल्या तिथं ताटावरनं उठलो आन हुकूम केला, की आमच्या घरची बाई ह्या उंबऱ्याला पुन्यांदा लागायची न्हाय.

रंगूबाई : उठलात खरं. हातातला लाडू काय खाली ठेवला न्हाय.

झुंबर : लाडू लॉरीत खाल्ला आबांनी. अंथुर्ण्यापतुर पुरला.

आबासाहेब : झुंबर!

झुंबर : न्हाय, आपलं खरं ते सांगितलं.

रंगूबाई : मी म्हनते, टाकी कशाला वाढवायची? दोन डबं भरून मागं टाकावं. वाटंत वतून घ्यावं.

झुंबर : ते करून बघितलं, वैनी. ढेपांना वास लागला. सोलापूरच्या आडत्यानं ढेप हुंगली, माझ्याकडं बघितलं आन म्हनला, 'हा गूळ खायचा का पेटवायचा?'

आबासाहेब : ऐकलंस? म्हनून टाकीच पायजे. आता तू सांग झुंबर, मागं फळीखाली बसंल का?

झुंबर : मागं बसवून भागायचं न्हाय. ह्या लॉरीत पेट्रोल आपल्या वजनानं इंजनात उतरतं. ते उतारानं जानारं, पान्यासारखं. टाकी खाली गेली की पेट्रोल तिथंच बसून राहील. आता हाय ती सीटखाली हाय, नवी बी तिथंच पायजे. पन खाली लोखंडी सांगाडा, आन दोन्ही अंगाला दारं. वाढायला एकच वाट हाय. वर.

आबासाहेब : किती वर?

झुंबर : वीतभर तरी. म्हंजी सीट बी तेवढीच वर.

आबासाहेब : मग जाऊ दे की वर! बरंच झालं. हिंदुरावाच्या दुकानाम्होरून जाताना मी असा उंच बसलेला दिसंन. त्याला मान वर करून बघावं लागंल.

झुंबर : पन आबा, वर लाकडी छप्पर...

आबासाहेब : तूर्त छपराचा विषय न्हाय. विषय टाकीचा हाय.

रंगूबाई : झुंबर, वीतभर म्हंजी तुझी वीत का माझी?

झुंबर : माझी, वैनी. भीमाची तर आनखी थोर हाय.

रंगूबाई : अस्सं.

आबासाहेब : काय अस्सं?

रंगूबाई : काय न्हाय. मी उगं आडवी आले. तुमचं म्हननं मला पटलं. करा टाकी.

झुंबर : वैनी, पन आबांचा फेटा...

रंगूबाई : झुंबर, च्या घे. निवतोय.

आबासाहेब : बघ, बाईमानसाला सुदिक पटलं. भीमाला म्हनावं, जोड पक्कं कर. आन बिडीचं काय?

झुंबर : टाकीवर बसून बिडी वडली, आबा, तर आपन सोलापूरला लॉरीच्या आधी पोचू.

(आठ दिवसांनी. कन्हेरी गावात आबासाहेबांच्या घराचं अंगण. लॉरी सोलापूरहून रात्री परत आली आहे. आबासाहेब बाजेवर पालथे पडून मान शेकून घेत आहेत.)

आबासाहेब : हळू! चटका बसतोय.

रंगूबाई : विटकर गरम असल्याबिगर शेक कसा लागायचा? मान अशी आखडली कशानं? जाताना तर ताठ होतात.

आबासाहेब : रस्ता खराब हाय. ह्याबाबत मी बोर्डात लेखी सवाल टाकनार हाय.

रंगूबाई : झुंबर, तू सांग.

झुंबर : मी काय सांगू, वैनी. बारामती सोडली तवा आबा लई खुशीत होतं. फेटा छपराला टेकला. म्हनलं, टेकू दे. पहिल्या खड्ड्याला फेटा भुवईवर आला, दुसऱ्याला नाकावर. अंथुर्ण्यापसनं आबा मान खाली घालून बसलं. दुसरा इलाजच न्हवता. सीट वर, छप्पर तिथंच, मधी आबा.

रंगूबाई : आन तसंच इंदापुरात गेलात?

झुंबर : तसंच. आन हिंदुरावांच्या दुकानाम्होरं ते खड्डं तुमास्नी ठावं हाईत. लॉरी खाली-वर, मान खाली-वर. हिंदुराव गल्ल्यावरनं उठलं, दोन्ही हात जोडलं आन सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हनलं, 'दाजी, एवढं लवायचं कारन न्हाय! घरचंच हाय!'

आबासाहेब : मी त्याला नमस्कार केलेला न्हाय! हे नोंद करून ठेवा!

झुंबर : मला ठावं हाय, आबा. बाजाराला कोन सांगनार? एकजन तर म्हनला, बोर्डाचं इलेक्शन आलं वाटतं.

रंगूबाई : येताना तरी फेटा काढून बसायचं.

झुंबर : काढला की.

रंगूबाई : अगं बाई! बोडक्यानं गेलात?

आबासाहेब : मग काय करनार? येताना बी मान घालून जायचं? फेटा मांडीवर ठेवला, ताठ बसलो, सरळ समोर बघितलं. हिंदुरावाकडं ढुंकून बघितलं न्हाय. थांबलो बी न्हाय.

रंगूबाई : म्हनून तसं झालं तर.

आबासाहेब : काय झालं?

रंगूबाई : सकाळच्या सर्व्हिस मोटरीवरनं दादाचा मानूस निरोप घेऊन आला. तुमी झोपला होतात. इंदापुरात सगळ्यांनी बघितलं, दाजी बोडकं, तोंड उतरलेलं, जावयाची लॉरी सासुरवाडीच्या दारावरनं न थांबता गेली. मानूस बोडक्यानं कधी जातो?

आबासाहेब : घरात कुनी गेलं म्हंजी... अरं देवा.

रंगूबाई : कुनीतरी दुकानात येऊन म्हनलं, 'कन्हेरीत काय तरी वाईट झालंय.' म्हातारीनं ऐकलं. तिला दिसत न्हाय, तेवढं ऐकू बरं येतं. तिनं हंबरडा फोडला. माझी रंगू गेली म्हनून. कालपसनं पान्याचा घोट घेतला न्हाय.

झुंबर : च्च. मी भोंगा तरी वाजवायला पायजे होता.

आबासाहेब : मीच नको म्हनलो होतो. मग... मग त्या मानसाबरोबर निरोप धाडायचा. रंगूबाई हयात हाय, सबब रडू नये.

रंगूबाई : धाडला. दादानंबी आधीच लई सांगून बघितलं. ती म्हनती, समदी मिळून मला फशिवता. तिचा हात माझ्या हातात द्या, मग जेवीन.

आबासाहेब : हं.

रंगूबाई : तुमचा हुकूम हाय, मला ठावं हाय. तीन वर्सं मी तो मोडला न्हाय. आता तुमीच सांगा. म्हातारी उपाशी मेली, तर कन्हेरीची मानसं म्हनतील, आबासाहेबांच्या फेट्यानं सासू मारली.

आबासाहेब : तसं कोन म्हनंल?

झुंबर : मी न्हाय म्हननार, आबा. पन मला इचारलं तर मी काय सांगू?

आबासाहेब : बरं, बरं! हुकूम तूर्तास तहकूब. मी सोताच घेऊन जातो तुला.

रंगूबाई : चला की. मान घालून येता का फेटा काढून?

आबासाहेब : ...झुंबर, छप्पर वर घेता यील का?

झुंबर : यील. भीमा म्हनला, पुढचा सगळा साचा बदलावा लागंल. टाकीहून जादा पडंल. न्हायतर आबा, मागं ढेपांवर बसता येतंय. हमाल बसतोच की.

आबासाहेब : लोकलबोर्डाचा मेंबर हमालाशेजारी! तुमी जा दोघं. मला मानंचं दुखनं हाय, असं सांग.

रंगूबाई : सांगते. झुंबर, हँडल मार. गठुडं बांधून ठेवलंच हाय.

आबासाहेब : बांधून ठेवलंय? कवा?

रंगूबाई : टाकी बसली त्याच दिशी.

आबासाहेब : म्हंजी तुला ठावं होतं?

रंगूबाई : मला टाकीतलं काय कळतंय? मला वीत तेवढी कळती. तुमचा फेटा मीच तर रोज बांधून देते.

झुंबर : आबा, एक इचारायचं ऱ्हायलं. टाकीत तळाशी पेट्रोल हाय, इंदापुरापतुर जाईल. तिथं भरावी लागंल.

आबासाहेब : भर. दोन डबं घे.

झुंबर : दोनात आता तळ सुदिक भिजायचा न्हाय, आबा. टाकी मोठी केली न्हवं? चार लागतील.

आबासाहेब : चार? हिंदुरावाकडनं चार?

झुंबर : ते म्हनलंच होतं जाताना, लांबनं वरडून. 'दाजी, टाकी झकास झाली! माझं दुकान आता चालायला लागंल!'

आबासाहेब : जा! निघा! आन झुंबर... सासूबाईंना म्हनावं, फेटा मी घामानं काढला होता. उन्हाळा हाय. दुसरं कारन न्हाय.

झुंबर : सांगतो. वैनी, पाय हितं ठेवा. दार धरा. बसा. डोकं छपराला लागतंय का?

रंगूबाई : न्हाय की. पदर घेतला तरी चार बोटं उरत्यात. आन वरनं सगळं शिवार दिसतंय रं.

झुंबर : म्हंजी बघा वैनी, टाकीचं पैसं आबांनी दिलं, पेट्रोलचं बी आबाच देनार, मान बी त्येंचीच आखडली. हिंदुरावांचं चार डबं खपलं. आन सीट तुमाला मिळाली.

रंगूबाई : असलं काय आईपाशी बोलू नगंस. तिला म्हनायचं, लेकीला लांबचं दिसावं म्हनून जावयानं सीट उंच करून दिलीय. चल, भोंगा वाजव.